परगावची साक्ष

महाड, १९ एप्रिल २०२५

ती. गोदावरीकाकू यांना सा. न.

तुम्ही मला नावानं ओळखणार नाही. गेल्या रविवारी वाईहून महाडला येणाऱ्या एसटीत तुमच्या शेजारी खिडकीशी बसले होते ती मी, रेश्मा पार्टे. इथल्या शाळेत इतिहास शिकवते, एका सहकारी बाईंच्या मुलीच्या लग्नाहून परत येत होते. महाडला उतरून तुम्ही सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायला रिक्षा धरलीत आणि तुमची कापडी पिशवी सीटखाली राहिली. आतल्या बाजूला दोऱ्यानं नाव-पत्ता भरलेला होता म्हणून बरं. गुडघ्याचं तेल, चष्मा, स्वेटर, सगळं जसंच्या तसं पार्सलमध्ये आहे. तेल थोडं सांडलंय, पण ते बसमध्येच सांडलं होतं.

खरं सांगायचं तर पिशवी हे निमित्त. तुमच्या एका वाक्यानं माझ्या डोक्याला भुंगा लावलाय.

आंबेनळी घाटात त्या वळणावर ट्रक अडकला आणि आपली गाडी थांबून राहिली, तेव्हा मी फोनवर नवऱ्याशी तणतणत होते. रेंज गेली, मी फोन आपटला, आणि तुम्ही ओळख ना पाळख, सरळ विचारलंत, "का येत नाहीत वडील खाली?" मग मी भडाभडा सगळं सांगितलं. पोलादपूरच्या वर आमची टेपवाडी. वाडीच्या पाठीमागे डोंगराला भेग गेली आहे. एकवीस सालच्या पावसात दरडी कोसळून आजूबाजूला काय झालं ते सगळ्या जगानं पाहिलं, त्यानंतर अधिकारी येऊन भेग बघून गेले, खाली रस्त्याच्या कडेला माळावर घरं बांधून मिळाली. पण वाडीची देवी काळकाई. तिला कौल लावल्याशिवाय आमच्याकडे लग्नाची तारीखसुद्धा ठरत नाही. देवीच्या शिळेला दोन खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगळ्या वाडीनं विचारलं, आई, आम्ही खाली जाऊ का? डावी पडली. थोडे दिवस लोक थांबले, मग भीती जिंकली आणि एकेक घर निघून गेलं. पुजारीही गेला. वर उरले माझे आबा, त्यांचा शेळ्यांवाला शेजारी पांडू आणि देवी. आबा रोज दिवा लावतात. मी म्हटलं, चला. ते म्हणतात, "आईनं डावा दिलाय. मी कसा येऊ गो?"

हे ऐकून तुम्ही म्हणालात, "सगळं घर सामान बांधून दारात उभं राहिलं आणि म्हातारीला विचारलं, आम्ही जाऊ का, तर ती हो म्हणेल होय? तिला कुणी विचारलं का, तू येतेस का?"

काकू, मला देवाधर्माचं फारसं काही वाटत नाही. पण तुम्ही प्रत्येक वळणावर डोळे मिटून हात जोडत होतात, ओठ हलत होते. इतकी भक्ती असलेलं माणूस बोललं म्हणजे त्यात काही असणार असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी टेपवाडी चढले आणि आबांना सांगितलं, बसमध्ये एक फार मोठ्या देवभक्त बाई भेटल्या, त्या असं असं म्हणाल्या. आबा भाकरी अर्धी ठेवून देवळाकडे गेले. तेव्हापासून ते तिथंच बसून असतात, असा पांडूचा निरोप आहे. मी काय करून बसले, मला कळत नाही. वर्गात माझं लक्ष नसतं, उगाच पोरांवर ओरडते.

पिशवी पोचल्याचं कळवा. तुमचा फोन नंबर असेल तर द्या.

आपली,
रेश्मा


वाई, २५ एप्रिल

सौ. रेश्मा यांस अनेक आशीर्वाद.

पिशवी पोचली. चष्म्याशिवाय मी आठवडाभर सुनेचा स्वयंपाक चवीवरून ओळखत होते, त्यातून सोडवलंत. फोन नंबर देत नाही. एक कान गेलाय, आणि फोनवर माणसं 'हो हो' म्हणून सुटतात. लिहा. लिहिताना माणसाला थोडं तरी थांबावं लागतं.

आता ऐका आणि बसलेल्या असाल तरच पुढे वाचा. मी हात जोडत नव्हते. मला घाट लागतो. लहानपणापासून लागतो. उलटी होऊ नये म्हणून मी दोन तळहातांत लिंबू धरून हुंगत असते. डोळे मिटते कारण उघडे ठेवले तर दरी फिरते. आणि ओठ हलत होते ते त्या ड्रायव्हरच्या नावानं. तो वळणावर एका हातानं मिसरी लावत होता, तुम्ही पाहिलं नाहीत का?

मी देव मानत नाही. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. देवाला जिथं जिथं हाक मारलेली ऐकली, तिथं तो आलेला पाहिला नाही. माझं ते वाक्य म्हणजे शुद्ध थट्टा होती. गाडी थांबलेली, पोटात ढवळतंय, शेजारी तुम्ही रडवेल्या, म्हणून टोमणा मारला. तुमच्या देवीला नव्हे, तुमच्या वाडीच्या शहाणपणाला मारला.

तेव्हा कृपा करून टेपवाडीला जा आणि वडिलांना सांगा की ती बाई भक्त वगैरे काही नव्हती, लिंबूवाली होती. माझ्या थट्टेवर म्हाताऱ्या माणसाचा जीव टांगणीला लावू नका. मला झोप लागत नाहीये, आणि या वयात झोपच तेवढी हक्काची राहिली आहे.

गोदावरी दातार


महाड, ४ मे

ती. गोदावरीकाकू यांना सा. न.

तुमचं पत्र वाचून मी हसले, मग घाबरले, मग नवऱ्याला वाचून दाखवलं. हर्षद म्हणाला, "आबांना यातलं एक अक्षर सांगू नकोस, काम होतंय ते बिघडवशील." मी अजून सांगितलेलं नाही. रागवा खुशाल.

गेल्या रविवारी वर गेले होते. आबा उठून दारात उभे, दाढी केलेली, स्वच्छ धोतर. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. म्हणाले, "गो पोरी, ती बाई बरोबर बोलली. आमचंच चुकलं. आमी आईला इचारलं, आमी जातो. तिला सोडून जातो असंच इचारलं ना? ती नाय म्हणाली म्हणजे काय, मला टाकून जाऊ नका म्हणाली. तिला न्यायचं कुणाच्या मनातबी नव्हतं." आणि त्यांचे डोळे भरून आले. माझा बाप आई गेली तेव्हासुद्धा माणसांसमोर रडला नव्हता.

त्यांनी ठरवलंय, पुन्हा कौल लावायचा. आई, तू आमच्याबरोबर खाली येतेस का? उजवा आला तर देवीची शिळा डोक्यावर घेऊन ते स्वतः उतरणार. आणि डावा आला तर? मी विचारलं. ते म्हणाले, "मग मी तिच्यासंगं. काय व्हायाचं ते होईल." इतक्या सहज म्हणाले की मला त्यांच्या पायावर डोकं आपटावंसं वाटलं.

पण अडचण अशी. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशनला खाली उतरायला हवं म्हणून झालेलं नाही. गाभाऱ्यात अंधार. पाकळी कुठली पडली हे त्यांना दिसणार नाही. पूर्वी पुजारी सांगायचा. आता कौल आबांचा आहे म्हणून त्यांच्या रक्ताचं माणूस साक्षीला चालत नाही, म्हणजे मी बाद, आणि जावई म्हणून हर्षदही. वाडीतली माणसं सगळी खाली उतरलेली, त्यांना उजवाच हवा, म्हणून तीही बाद. पांडूला तर वरच राहायचंय, शेळ्यांना खाली चारा नाही. पुजारी नसला तर साक्ष परगावच्या माणसाची लागते, आमच्याकडे तशी रीतच आहे.

आणि आबा म्हणाले, "जिनं परश्न दिला, तिनंच उभं ऱ्हावं. तिला घेऊन ये."

काकू, याल का? मी महाडहून जीप करते, वाडीखालच्या शाळेपर्यंत गाडी जाते, पुढे थोडं चढायचं आहे. तुमच्या गुडघ्यांचं मी काहीतरी करीन. तुम्हाला काहीही मानायची गरज नाही. फक्त उभं राहायचं आणि दिसेल ते सांगायचं.

तुमची,
रेश्मा


वाई, १० मे

चि. रेश्मा,

आता तुला 'तू' म्हणते, कारण कान उपटायचे आहेत आणि 'तुम्ही' म्हणून ते नीट उपटता येत नाहीत.

मी येणार नाही.

कारण ऐक. आमचे हे आजारी होते तेव्हा मी, तीस वर्षं दवाखान्यात देवाला हसलेली बाई, गुपचूप नवस बोलले होते. गणपतीला, नरसोबाला, आमच्या कुलदेवतेला, जो भेटेल त्याला. डॉक्टर माझ्याशी जे बोलत होते ते मी इतरांच्या नातेवाइकांशी जन्मभर बोलत आले होते, 'बघू या, धीर धरा', त्याचा अर्थ मला पाठ होता. तरीही नवस बोलले. ते गेले. त्या दिवशी मी देव्हाऱ्यावर फडकं टाकलं. सून अधूनमधून ते काढते, मी परत टाकते. आमच्यात यावर भांडण नाही, फक्त फडकं वर-खाली होतं.

अशा बाईला तू देवीसमोर उभी करणार? आणि समज, डावी पाकळी पडली. मी काय सांगायचं? 'आबा, डावी पडली, बसा डोंगराखाली'? आणि पावसात तो डोंगर खाली आला तर मी उरलेलं आयुष्य वाईच्या घाटावर बसून काय करायचं? आणि डावी पडलेली असताना उजवी सांगितली, तर ज्या माणसानं सगळ्या वाडीनं सोडलं तरी आपल्या देवीला सोडलं नाही, त्याला मी फसवायचं?

सरळ मार्ग सांगते. दोन दांडगी माणसं ने, तुझ्या वडिलांना उचल, जीपमध्ये घाल. आठ दिवस शिव्या देतील, मग नातवंडांत रमतील. दवाखान्यात मी असं अनेकदा केलंय, त्याला कुणी अधर्म म्हणत नाही.

त्यांना माझ्याबद्दल खरं सांग. अजून सांगितलं नसशील तर आजच सांग.

गोदावरीकाकू


महाड, १६ मे

ती. काकूंना सा. न.

तुमचं पत्र मिळालं. राग आलाय, तो लपवत नाही. उचलून जीपमध्ये घाला म्हणता! गेल्या वर्षी ते करून झालंय. हर्षद आणि त्याचे दोन मित्र गेले होते. आबांना खाली आणलं, आठवडाभर ते आमच्या हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून बसले, पाणीसुद्धा मागून प्यायले नाहीत, आणि एका सकाळी दाराची कडी काढून पायी पोलादपूरला चालत गेले. महाड ते पोलादपूर हायवेवरनं, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, ट्रकांच्या मधून. पुन्हा त्यांना उचलायची माझ्यात हिंमत नाही.

तुमचं म्हणणं मी ऐकलं. परवा वर जाऊन सगळं सांगितलं. लिंबू, ड्रायव्हर, नर्स, नवस, देव्हाऱ्यावरचं फडकं, सगळं. तुमच्या घरातलं सांगितलं याची माफी मागते, पण अर्धं खरं सांगण्यात काही अर्थ नव्हता. वाटलं होतं, आबा चिडतील, कौलाचा नाद सोडतील, किंवा मला हाकलून देतील.

आबा खूप वेळ शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "मंग तर लयच बरं झालं. भक्तीण असती तर आईची बाजू घेतली असती. नाय तर मला बरं वाटावं म्हणून कायतरी बोलली असती. जिला ना आईशी घेणं ना माझ्याशी देणं, तिचाच डोळा खरा. तिला सांग, मी तिच्या शब्दाच्या बाहेर नाय."

मी हात टेकले.

भेग आता पांडूच्या गोठ्यापर्यंत आली आहे. गेल्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला, तेव्हा देवळामागचा एक दगड घरंगळत विहिरीपाशी येऊन थांबला. शाळेला सुट्टी लागली, तरी हातातलं काम टाकून सारखी खिडकीकडे बघते. आभाळ जरा भरलं की दारात जाऊन उभी राहते. घरात मुलं बोलायला लागली आहेत की आई हल्ली ऐकत नाही.

आता तुम्हाला पुन्हा बोलावत नाही. फक्त आबांचा निरोप पोचवला.

रेश्मा


वाई, २० मे

चि. रेश्मा,

तुझ्या आबांनी मला बरोबर कोंडीत पकडलं. इतका चतुर माणूस आमच्या दवाखान्यात असता तर सिव्हिल सर्जन झाला असता.

शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते. पोलादपूरच्या स्टँडवर ये. चढायला एक काठी आण, आणि मला मागून ढकलायला कुणी तरी दणकट माणूस. सून बरोबर येते म्हणत होती, तिला नको म्हटलं. मला काय करायचंय ते तिच्यासमोर जमणार नाही.

गोदावरीकाकू


खालचा माळ, पोलादपूर, ३ जून

ती. काकूंना सा. न.

पत्त्यावरून कळलंच असेल. शाळेला सुट्टी आहे म्हणून मी आबांपाशी राहायला आले आहे. नव्या घराला पत्र्याचा वास येतो आणि दुपारी आत बसवत नाही, पण आबा तक्रार करत नाहीत. देवीला तात्पुरती आंब्याखाली ठेवली आहे, वर ताडपत्री. पहिल्याच दिवशी बायका ओटी घेऊन आल्या, ज्या बायका दोन वर्षं वर फिरकल्या नव्हत्या त्यासुद्धा. एका म्हातारीनं शिळेला मिठीच मारली. म्हणाली, "आलीस गो बाय, एकदाची आलीस." आबा बाजूला उभं राहून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही. पुढच्या आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय.

काकू, सगळं चांगलं झालंय. तरीसुद्धा मला चैन नाही. म्हणून लिहिते आहे.

त्या दिवशी मी देवळाच्या बाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे उभी होते. आत तुम्ही आणि आबा. आबांनी चाचपत दोन्ही खांद्यांवर पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले, मोठ्यानं विचारलं, "आई, तू आमच्यासंगं खाली येतीस का?" आणि मग काही नाही. किती वेळ काही नाही. बाहेर पांडूच्या शेळ्या ओरडत होत्या. मला तुमची पाठ दिसत होती. तुम्ही काठीवर भार टाकून उभ्या होतात आणि एकदम दचकलात. पुढे वाकलात. मग बराच वेळ बोलला नाहीत. आबांनी विचारलं, "बाई, कुठली?" तरी बोलला नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणालात, "उजवी." आवाज असा की मला बाहेर ओळखू आला नाही.

आबांनी तिथंच लोटांगण घातलं. बाकी तुम्ही पाहिलंच. शिळा घोंगडीत बांधली, डोक्यावर घेतली आणि तो म्हातारा, ज्याला दोन हातांवरचं दिसत नाही, माझा हातही न धरता पाऊलवाट उतरून आला. मी पुढून चालत होते आणि एकदाही मागं वळून बघायचं धाडस झालं नाही.

खाली आल्यावर मी तुम्हाला विचारणार होते, पण तुम्ही चहासुद्धा न घेता मिळेल त्या गाडीनं निघून गेलात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.

मी गाभाऱ्यात गेले होते, सगळे शिळा बांधत असताना. दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या होत्या. कुठली आधी पडली हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

खरं सांगा. तुम्ही उजवी म्हणालात ते पाहून म्हणालात, की आबांना खाली आणायला म्हणालात? मला राग येणार नाही. खोटं असेल तर मी जन्मभर तुमचे पाय धरीन. पण मला माहीत हवंय. रोज आबा देवीपुढे बसून म्हणतात, "आई, तू सोताच्या पायानं आलीस," आणि मी त्यांच्या मागे उभी राहून विचार करते, आली का?

तुमची,
रेश्मा


वाई, ९ जून

चि. रेश्मा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. उत्तर लिहायला बसते आणि उठते. सुनेला वाटतंय मला बरं नाही. ताप बघून झाला. ताप नाही.

सगळं सांगते. मी खोटं बोलायला आले होते. वाईहून निघतानाच ठरवलं होतं, काहीही पडो, आपण उजवी म्हणायची. म्हणून तर सुनेला आणलं नाही. घाटात पूर्ण वेळ ते एकच वाक्य मनात घोकत होते, 'उजवी पडली, आबा.' दवाखान्यात बाहेर उभ्या असलेल्या पेशंटच्या बायकोला सांगायचं वाक्य आपण जसं दारात येण्याआधी घोकतो तसं. त्यात मी कधी अडखळले नाही. उलट मला बरं वाटत होतं. म्हटलं, या वयात एका माणसाचा जीव वाचवता येतोय, आणखी काय हवं?

तुझे आबा विचारून थांबले. मी डाव्या पाकळीकडे बघत होते. कारण पडणार असेल तर तीच आधी पडणार हे मला पक्कं वाटत होतं. ती हललीसुद्धा. तिची एक कड सुटली. मी मनातलं वाक्य जिभेवर आणून ठेवलं. आणि उजवी पडली.

डावी त्यानंतर पडली, पुष्कळ उशिरा. आबांनी दुसऱ्यांदा विचारलं त्याच्या आसपास.

म्हणून मी दचकले. म्हणून बोलू शकले नाही. खोटं बोलायची इतकी जय्यत तयारी केली होती की खरं बोलायची वेळ आली तेव्हा जीभच उचलेना. आणि जो शब्द बोलले तो तोच होता, जो खोटा म्हणून ठरवून आणला होता. तो माझ्याच कानाला खोटा वाटला. तुला बाहेर तसाच ऐकू आला असणार.

चहा न घेता पळाले, कारण तू विचारशील हे मला दिसत होतं. आणि मी काय सांगितलं असतं? 'उजवीच पडली'? खोटं बोलले असते तरी मी हेच सांगितलं असतं. आतासुद्धा तू हे वाचून म्हणशील, काकू अजून सांभाळून घेताहेत. म्हण. मी तुझ्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही.

उगाच खुलू नकोस, मी काही देव मानायला लागलेली नाही. ओली पाकळी, चाचपणारा हात, कुठे पाणी जास्त लागलं असेल, कुठे कमी. याचं शंभर प्रकारे कारण देता येतं आणि मी रोज देते. पण ते कारण पाकळी का पडली याचं आहे. माझी अडचण वेगळी आहे. दिवस जातात तसं मला वाटायला लागलंय, मी खरंच उजवी आधी पडलेली पाहिली, की मला हवं होतं ते पाहिलं? चष्मा होता. उजेड फार नव्हता, पण होता. दवाखान्यात मी कधी माझ्या डोळ्यांवर शंका घेतली नाही. नाडी थांबली की थांबली. आणि आता एक पाकळी मला माझ्या घरात स्वस्थ बसू देत नाही.

तुझ्या आबांना दिसत नव्हतं. त्यांनी एका परक्या बाईच्या एका शब्दावर देवी डोक्यावर घेतली आणि बापजाद्यांचं घर सोडलं. एकदाही म्हणाले नाहीत, बाई, नक्की ना? मी आयुष्यभर ज्याला भोळेपणा म्हणत आले तो हा. मला तो जमत नाही. माझ्या स्वतःच्या डोळ्यांच्या बाबतीतसुद्धा जमत नाही.

म्हणून तुला विचारते. तू शिकलेली आहेस, माझ्यासारखीच शंकेखोर आहेस, आणि मी खोटं बोलायला निघाले होते हेही आता तुला माहीत आहे. हे सगळं माहीत असून तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवतेस का? विचार करून लिही, पण लवकर लिही. तू ठेवलास, तर मलाही ठेवता येईल.

तुझी,
गोदावरीकाकू